चौकशी कोणी लावली यावरच भांडण, मूल किती दिवस आत होतं ते कोण सांगणार?

गंधवानी (जि. धार) : ५ डिसेंबर २०२५ ला पश्चिम बंगालच्या मालदा जिल्ह्यातल्या महदीपूर नाक्यावरून एक गरोदर बाई आणि तिचा आठ वर्षांचा मुलगा भारतात परत आले. मायलेक बीरभूम जिल्ह्यातले. कुटुंब दिल्लीत रोहिणी भागात भंगार-कचरा वेचून पोट भरत होतं. जून २०२५ मध्ये बांगलादेशी असल्याच्या संशयावरून पोलिसांनी त्यांना उचललं आणि २६ जूनला सीमेपलीकडे सोडलं. सोबत बीरभूमचंच आणखी एक कुटुंब होतं, त्यातही दोन मुलं. म्हणजे सहा माणसांत तीन अल्पवयीन. पलीकडे गेल्यावर बांगलादेशानं त्यांनाच घुसखोर म्हणून पकडलं आणि ऑगस्टमध्ये चांपाई नवाबगंजच्या तुरुंगात टाकलं.

कलकत्ता उच्च न्यायालयाने २६ सप्टेंबरला ही हकालपट्टी रद्द केली. केंद्रीय गृह मंत्रालयाच्याच २ मे २०२५ च्या सूचनेप्रमाणे अशा संशयिताची माहिती मूळ राज्याकडून पडताळून घ्यायला तीस दिवस दिलेले आहेत. इथे काही दिवसांतच माणसं सीमेवर पोचली होती. कोर्टानं घाईवर बोट ठेवलं आणि चार आठवड्यांत परत आणा म्हणून सांगितलं. केंद्र सर्वोच्च न्यायालयात गेलं. शेवटी ३ डिसेंबरला, माणुसकीच्या भूमिकेतून, आई आणि मुलाला आणायला केंद्र तयार झालं.

यावर राजकारण झालं नसतं तरच नवल. ममता बॅनर्जींनी जुलैमध्येच बंगाली मजुरांच्या छळावरून भाषेचं आंदोलन उभं केलं होतं. तृणमूलचे राज्यसभा सदस्य आणि बंगालच्या स्थलांतरित मजूर कल्याण मंडळाचे अध्यक्ष समीरुल इस्लाम हे प्रकरण लावून धरत होते. भाजपचं म्हणणं असं की बंगाल सरकार घुसखोरांना कागद पुरवतं आणि वर गळा काढतं. दोन्ही बाजूंना आपापला मतदार डोळ्यांसमोर होता. निवडणूक जवळ होती, ते समजण्यासारखं आहे.

पण तारखा लावून मोजलं तर २६ जून ते ५ डिसेंबर म्हणजे १६२ दिवस होतात. आठ वर्षांच्या मुलाचे १६२ दिवस. हा आकडा दोन्हीकडच्या भाषणांत शोधावा लागतो. आईवर लिहिलं गेलं, तिच्या गरोदरपणावर लिहिलं गेलं, नागरिकत्वावर तर पानंच्या पानं. मुलगा बातमीत ‘आणि तिचा मुलगा’ एवढ्यापुरता.

बीरभूमची गोष्ट गंधवानीत कशाला, असं कोणी विचारेल. इथून सीमा शेकडो कोस लांब. बांगलादेशी म्हणून इथल्या भिल-भिलाला पोराला कोणी पकडणार नाही, हेही खरं. पण दुसऱ्या राज्यात गेलेलं मूल, भाषा वेगळी, कागद अर्धवट, समोर वर्दीतला माणूस, हा प्रसंग इथल्या लोकांना नवा नाही. दिवाळी झाली की गंधवानी, कुक्षी, टांडा, बाग या पट्ट्यातून गाड्या भरून माणसं गुजरातकडे निघतात. कोणी काठियावाडात कापसाला, कोणी सुरत-बडोद्याकडे बांधकामावर. मुलं मागे ठेवायला घरात कोणी नसतं, म्हणून ती पण जातात. मोठी मुलगी धाकट्याला सांभाळायला जाते, तिची शाळा तेवढ्यापुरती बंद. भगोरियाला परत येतात. या मुलांकडे कागद काय असतो? फार तर आधार, नाही तर घरच्यांचा समग्र आयडी. समग्र म्हणजे आपल्या मध्य प्रदेश सरकारचा नंबर. दाहोदच्या पलीकडे तो दाखवला तर समोरचा विचारेल हे काय असतं.

मनमाडला काय झालं होतं

लांबची गोष्ट राहू द्या, सेंधव्याचा घाट उतरून मनमाडला जाऊ. ३० मे २०२३. दानापूर-पुणे गाडीतून बिहारच्या अररिया जिल्ह्यातली ५९ मुलं निघाली होती, वय आठ ते सतरा. पुणे-सांगलीकडच्या मदरशांत शिकायला. मुलांची तस्करी होतेय अशी खबर आली म्हणून रेल्वे सुरक्षा दलानं एका संस्थेच्या मदतीनं काही मुलं भुसावळला उतरवली, बाकीची मनमाडला. सोबतच्या पाच जणांवर भादंवि ३७० खाली, म्हणजे माणसांच्या तस्करीचा, गुन्हा लागला. ते सुमारे चार आठवडे तुरुंगात होते. मुलं बारा दिवस नाशिक आणि भुसावळच्या बालगृहांत. आई-बाप बिहारमध्ये कावरेबावरे. शेवटी प्रशासनानंच मुलांना बिहारला पोचवलं. आणि मार्च २०२४ मध्ये रेल्वे पोलिसांनी दोन्ही गुन्हे बंद केले. कारण काय, तर गैरसमजातून गुन्हा दाखल झाला होता.

इथे एक गोष्ट सरळ बोलली पाहिजे. गाडी थांबवणं चुकीचं नव्हतं. मुलांची तस्करी हा काही कोणी रचलेला बागुलबुवा नाही. आपल्याच निमाड-माळव्यातून लहान पोरं मेंढ्यांमागे, हॉटेलात, वीटभट्टीवर नेली जातात, आणि रेल्वे सुरक्षा दलाच्या ‘नन्हे फरिश्ते’सारख्या मोहिमांत दरवर्षी हजारो मुलं घरी पोचतात. पन्नास-साठ मुलं मोजक्या मोठ्या माणसांबरोबर दिसली तर शिपायानं विचारलंच पाहिजे. प्रश्न पहिल्या दिवसाचा नाही. प्रश्न दुसऱ्या दिवसापासून बाराव्यापर्यंतचा आहे. आई-बापांना फोन लावणं, अररियाच्या प्रशासनाला विचारणं, मदरशाकडून यादी मागवणं, याला बारा दिवस लागतात? ५९ मुलं, १२ दिवस. गुणाकार केला तर ७०८. हे ७०८ दिवस कोणाच्या खात्यावर टाकायचे? गुन्हा बंद झाला, फाइल बंद झाली, पाच माणसांची बदनामी तशीच राहिली. खबर कुठून आली, ती तपासली कोणी, यावर मुलांच्या बाजूनं एखादी चौकशी लागायला हवी होती. तेव्हा ज्यांनी ‘मुलं वाचवली’ म्हणून टाळ्या वाजवल्या ते पुढे गप्प, आणि ज्यांनी ‘मुसलमान म्हणून छळ’ म्हटलं त्यांनीही फाइल बंद झाल्यावर विषय सोडला.

कायदा काय म्हणतो ते पाहू. बाल न्याय कायदा २०१५ चं कलम ३१ सांगतं की काळजी-संरक्षणाची गरज असलेलं मूल मिळालं की प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांत बाल कल्याण समितीपुढे हजर करायचं. कलम ३६ प्रमाणे पंधरा दिवसांत घरची चौकशी आणि चार महिन्यांत अंतिम आदेश. म्हणजे मनमाडचे बारा दिवस कायद्याच्या मुदतीत बसतात! हीच तर गोम आहे. कायद्यानं मुदत दिली ती जास्तीत जास्त म्हणून. कचेरीत ती कमीत कमी समजली जाते. बँकेत कर्जाच्या हप्त्याची शेवटची तारीख असते तशी. त्या तारखेआधी कोणी भरत नाही.

तिकडे ऑस्ट्रेलियात चौकशी झाली, मग चौकशीवरच लढाई

मुलांना स्थलांतराच्या कायद्याखाली कोंडून ठेवण्याचा सगळ्यात सविस्तर हिशेब कोणी मांडला असेल तर ऑस्ट्रेलियानं. आणि त्या हिशेबाचं राजकारणात काय झालं तेही बघण्यासारखं आहे. पुण्या-नाशिकची, इंदूरची कितीतरी मराठी पोरं आज सिडनी-मेलबर्नला आहेत. ती व्हिसा घेऊन विमानानं गेली. ही गोष्ट बोटीनं गेलेल्यांची.

व्हिसा नसताना आलेल्याला कोंडायचंच, कोर्टानं विचारायचं नाही, हा नियम तिथे १९९२ पासून आहे. तो मजूर पक्षाच्या सरकारनं आणला, म्हणजे तथाकथित डाव्यांनी. मग जॉन हॉवर्ड यांच्या उजव्या सरकारनं तो कडक चालवला. नोव्हेंबर २००१ मध्ये मानवी हक्क आयोगाचे सेव्ह ओझडोव्स्की यांनी मुलांच्या कैदेची राष्ट्रीय चौकशी सुरू केली. मे २००४ मध्ये अहवाल संसदेत आला. त्यात १९९९ ते २००३ या चार वर्षांत व्हिसाशिवाय आलेल्या २,१८४ मुलांचा हिशेब होता. त्यातल्या ९२ टक्क्यांहून जास्त मुलांना पुढे खरे निर्वासित म्हणून मान्यता मिळाली. म्हणजे ज्यांना राहू द्यायचंच होतं त्यांना आधी तारेच्या कुंपणात ठेवलं. एक मूल तर पाच वर्षं आणि पाच महिन्यांहून जास्त आत होतं. सरकारनं तेव्हा अहवाल जुनाट, एकांगी म्हणून झटकला. पण हॉवर्ड यांच्याच पक्षातले काही खासदार अडून बसले आणि २००५ मध्ये कायद्यात ओळ आली की मुलाला कोंडणं हा शेवटचा उपाय असेल. त्या जुलैपर्यंत मुलं बाहेर आली.

मग बोटी परत वाढल्या. सरकार मजूर पक्षाचं. जुलै २०१३ मध्ये कोंडलेल्या मुलांची संख्या १,९९२ वर गेली, हा उच्चांक. सप्टेंबरात टोनी अॅबट निवडून आले, त्यांची घोषणाच होती ‘बोटी थांबवा’. संख्या उतरायला लागली. आणि फेब्रुवारी २०१४ मध्ये आयोगाच्या अध्यक्ष गिलियन ट्रिग्ज यांनी दुसरी चौकशी जाहीर केली.

आयोगाच्या लोकांनी अकरा केंद्रं पाहिली, अकराशेहून अधिक मुलं आणि पालकांशी बोलले. अहवालाचं नाव ‘द फरगॉटन चिल्ड्रन’, विसरलेली मुलं. ११ फेब्रुवारी २०१५ ला तो संसदेत आला. जानेवारी २०१३ ते मार्च २०१४ या पंधरा महिन्यांत मुलांनी स्वतःला इजा करून घेतल्याच्या १२८ घटना. मुलं गुंतलेल्या मारहाणीच्या २३३. लैंगिक अत्याचाराच्या तक्रारी ३३. तपासलेल्या मुलांपैकी ३४ टक्क्यांना गंभीर मानसिक आजार, बाहेरच्या ऑस्ट्रेलियन मुलांत हे प्रमाण दोन टक्के. मुलं सरासरी वर्षभराहून जास्त काळ आत. यातले बरेच आकडे सरकारच्याच विभागाकडून मिळालेले होते, ही गोष्ट पुढच्या भांडणात सगळे विसरले.

पंतप्रधान अॅबट म्हणाले, हा अहवाल उघड पक्षपाती आहे, आयोगाला लाज वाटली पाहिजे. मुलं कमी केली म्हणून आयोगानं मंत्री स्कॉट मॉरिसन यांना अभिनंदनाचं पत्र लिहायला हवं होतं. त्याआधीच अॅटर्नी जनरल जॉर्ज ब्रँडिस यांच्या खात्याच्या सचिवानं ट्रिग्ज यांच्याकडे पद सोडण्याचा विषय काढला होता, दुसऱ्या कामाची गोष्टही निघाली. ट्रिग्ज हटल्या नाहीत. २ मार्च २०१५ ला सेनेटनं ब्रँडिस यांच्या निषेधाचा ठराव केला. कितीतरी आठवडे ऑस्ट्रेलियन राजकारणात एकच चर्चा: बाईंनी चौकशी तेव्हा का नाही लावली, आता का लावली? मजूर पक्षाच्या काळात मुलं दोन हजार होती तेव्हा गप्प, उजवे आल्यावर जाग?

हा आक्षेप खोटा नव्हता, हे मान्य करावं लागतं. चौकशी एक वर्ष आधी लागायला हवी होती, आणि सेनेटच्या समितीपुढे तारखांवरून ट्रिग्ज यांना घेरलं तेव्हा त्यांची उत्तरं काही फार सफाईदार नव्हती. पण आक्षेप बरोबर म्हणून १२८ चे ११८ होत नाहीत. हिशेबनीस कोणत्या पक्षाला मत देतो यावरून रोजमेळातली शिल्लक बदलत नसते. आणि गंमत अशी की अहवालात मजूर पक्षाच्या काळातल्या गोष्टीही होत्या. जानेवारी ते सप्टेंबर २०१३ सरकार त्यांचंच. दोघांनाही तो अहवाल वाचायला नको होता. एकानं शिव्या घातल्या, दुसऱ्यानं त्यातलं सोयीचं तेवढं उचललं.

तरीही चौकशीचा उपयोग झाला. अहवाल येता येता ख्रिसमस आयलंडवरची मुलं हलवली गेली, एप्रिल २०१६ मध्ये मुख्य भूमीवरच्या केंद्रांत एकही मूल नाही असं सरकारनं जाहीर केलं. नाउरू बेटावरून शेवटची मुलं बाहेर पडायला फेब्रुवारी २०१९ उजाडलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये एका तमिळ कुटुंबाला, दोन लहान मुलींसह, ख्रिसमस आयलंडवर नेऊन ठेवलं ते जून २०२१ पर्यंत. एक मुलगी गंभीर आजारी पडली तेव्हाच ते बेटावरून निघाले. बिलोएला या लहानशा गावानं आपल्या या शेजाऱ्यांसाठी वर्षानुवर्षं मोहीम चालवली, आणि २०२२ मध्ये सरकार बदलल्यावर कुटुंब त्या गावात परतलं. आमचे लोक म्हणून गाव उभं राहिलं, पक्ष नंतर आले. म्हणजे चौकशीनं जादू केली नाही. पण आकडा एकदा छापला गेला की तो परत पेटीत घालता येत नाही.

उलटं उदाहरण अमेरिकेचं. २०१८ मध्ये ट्रम्प सरकारनं मेक्सिकोच्या सीमेवर आई-बापांवर खटले भरले आणि मुलं वेगळी ठेवली. ओरड झाली, जूनमध्ये आदेश मागे घेतला, कोर्टानं मुलं परत द्यायला सांगितलं. तेव्हा कळलं की कोणतं मूल कोणाचं याची नीट नोंदच ठेवलेली नाही. जानेवारी २०१९ मध्ये त्यांच्या आरोग्य खात्याच्याच महानिरीक्षकानं लिहिलं की आधी सांगितलं त्यापेक्षा हजारो मुलं जास्त वेगळी केली असावीत, नेमकी किती ते माहीत नाही. श्रीमंत देश, घराघरात संगणक, आणि मुलांची यादी नाही.

आपल्याकडे चौकशी कोण करणार

आता इकडे. भारतानं बालहक्कांचा आंतरराष्ट्रीय करार डिसेंबर १९९२ मध्ये स्वीकारला. त्याच्या ३७ व्या कलमात तीच ओळ आहे, मुलाला अटकाव हा शेवटचा उपाय आणि कमीत कमी काळ. गृह मंत्रालयानं २०१९ मध्ये परदेशी लोकांच्या अटकाव केंद्रांसाठी राज्यांना नमुना नियमावली पाठवली. जानेवारी २०२० मध्ये तेव्हाचे अॅटर्नी जनरल के. के. वेणुगोपाल यांनी सर्वोच्च न्यायालयात सांगितलं की आई-बाप एनआरसीत आहेत आणि मुलांचं नाव राहिलं, अशा मुलांना आसामात अटकाव केंद्रात पाठवणार नाही. चांगलं आश्वासन. १ सप्टेंबर २०२५ पासून १९४६ चा जुना कायदा जाऊन इमिग्रेशन आणि परदेशी नागरिक कायदा २०२५ लागू झालाय. मी परदेशी नाही हे सिद्ध करायचा भार जुन्याप्रमाणे नव्यातही त्या माणसावरच.

मोठ्या माणसानं सिद्ध करावं, ठीक. सहा वर्षांच्या पोरानं काय सिद्ध करायचं? त्याच्यासाठी जन्मदाखला. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांसाठी तर शाळेपासून पासपोर्टपर्यंत जन्मतारखेचा तोच पुरावा. ज्याचा जन्म काठियावाडच्या शेतातल्या झोपडीत झाला त्याची नोंद कुठे? गुजरातचा तलाटी म्हणतो तुमच्या गावात करा, गावचा पंचायत सचिव म्हणतो जन्म तिकडचा, तिकडेच होणार. मग उशिरा नोंद. आणि उशिराच्या नोंदीचं काय झालं ते महाराष्ट्रात दिसलं. जानेवारी २०२५ मध्ये किरीट सोमय्या यांनी मालेगावात बांगलादेशींना जन्मदाखले वाटल्याचा आरोप केला, एसआयटी नेमली गेली, आणि उशिरा नोंदीचे दाखले देणंच राज्यानं थांबवलं, नंतर नियम आवळले. बोगस दाखले असतील तर पकडा, त्यात वाद नाही. पण त्या रांगेत शहाद्याचा, अक्कलकुव्याचा भिल बाप पण उभा असतो. तो कोणाच्या भाषणात नव्हता.

मध्य प्रदेशात मतदार याद्यांची विशेष तपासणी नोव्हेंबर २०२५ मध्ये सुरू झाली, तेव्हाही गंधवानीतले कितीतरी मतदार कापसात होते. सरकारी कॅलेंडर आणि मजुराचं कॅलेंडर यांची कधी गाठ पडत नाही.

मुलांच्या बाबतीत चौकशीचा अधिकार कोणाला आहे? आहे, आणि चांगला भरभक्कम आहे. बालहक्क संरक्षण आयोग कायदा २००५. राष्ट्रीय आयोग आणि राज्य आयोग दोघांनाही मुलांच्या कोणत्याही संस्थेची पाहणी करता येते, स्वतःहून चौकशी करता येते, चौकशीत दिवाणी कोर्टासारखं साक्षीदाराला बोलावता येतं. वार्षिक अहवाल संसदेत किंवा विधानसभेत ठेवायचा असतो. ट्रिग्ज यांच्याकडे याहून फार जास्त काही नव्हतं. फरक एवढाच, त्यांनी एकाच विषयावर देशभरचा हिशेब मागितला आणि सरकारी विभागाला तो द्यावा लागला. आपल्याकडे आयोग एखाद्या बालगृहावर धाड टाकतो, फोटो येतात, दोन दिवस ट्विटरवर गरमागरमी, आणि पुढचं प्रकरण. भोपाळच्या परवलियातलं जानेवारी २०२४ चं प्रकरण आठवा. नोंदणी नसलेल्या बालिकागृहातून २६ मुली बेपत्ता म्हणून देशभर गाजलं. धर्मांतराचा आरोप, गुन्हा, अधिकाऱ्यांचं निलंबन. मुली नंतर आपापल्या घरी सापडल्या. नोंदणी नव्हती हा गुन्हा खराच. पण मुली घरी का गेल्या, आधी घरून तिथे का आल्या होत्या, हे विचारायला कॅमेरे थांबले नाहीत.

आणि आता जी गोष्ट धार जिल्ह्याच्या वाचकाला जवळची. केंद्रात महिला व बाल विकास राज्यमंत्री जून २०२४ पासून सावित्री ठाकूर आहेत, धारच्याच खासदार. बाल न्याय कायदा त्यांच्या मंत्रालयाचा, राष्ट्रीय बालहक्क आयोगही त्याच मंत्रालयाच्या छत्राखाली. आणि राज्यात विरोधी पक्षनेते डिसेंबर २०२३ पासून उमंग सिंघार, ते तर गंधवानीचेच आमदार, २००८ पासून सलग. म्हणजे देशात या विषयावर जी दोन तोंडं एकमेकांसमोर असतात, सरकार आणि विरोधक, ती दोन्ही एकाच जिल्ह्यात बसलेली आहेत. दोघंही आदिवासी, दोघांच्याही मतदारांची पोरं दिवाळीनंतर गाडीत बसतात. दुसऱ्या कुठल्या जिल्ह्याला असा योग आलाय?

राजकारण कसं चालेल याचा अंदाज बांधायला ज्योतिषी नको. सिंघार यांनी पलायनातल्या मुलांची चौकशी मागितली तर भाजप म्हणेल, पंधरा महिने तुमचं सरकार होतं, तुम्ही स्वतः मंत्री होता, तेव्हा काय केलं? प्रश्न बरोबर असेल. ठाकूर यांनी केंद्रातून आकडे मागवले तर काँग्रेस म्हणेल, वीस वर्षं राज्य तुमचं, आता जाग आली? तोही बरोबर. ऑस्ट्रेलियात नेमकं हेच झालं. फक्त तिथे भांडण सुरू व्हायच्या आधी आकडे गोळा झाले होते.

मागायचं काय, ते फार अवघड नाही. गेल्या तीन वर्षांत धार, झाबुआ, अलीराजपूर, बडवानी या चार जिल्ह्यांची किती मुलं गुजरात आणि महाराष्ट्रात पोलीस, रेल्वे किंवा बाल कल्याण समितीनं ताब्यात घेतली. प्रत्येक मूल किती दिवस बालगृहात राहिलं. घरच्यांना पहिला फोन कितव्या दिवशी गेला आणि कोणी केला, भिलाली बोलणारं कोणी समितीपुढे होतं का. घरी आणायचा खर्च कोणी दिला, सरकारनं की बापानं मुकादमाकडून परत उचल घेऊन. राज्य विधानसभेत हा तारांकित प्रश्न म्हणून बसतो, संसदेतही बसतो. नावं नकोत, मुलांची ओळख उघड करायला कायद्यानं बंदीच आहे. नुसते दिवस हवेत. गुजरातच्या समित्यांकडे रजिस्टर आहे, महाराष्ट्राकडे आहे, कारण प्रत्येक मुलाच्या आदेशावर तारीख घातल्याशिवाय बालगृहाला अनुदानाचा हिशेब लावता येत नाही.

विधानसभेचं अर्थसंकल्पी अधिवेशन आणि भगोरिया दरवर्षी साधारण एकाच सुमाराला येतात. म्हणजे ज्यांच्याबद्दल विचारायचं ती मुलं तेव्हा गावातच असतात, हाटात ढोल ऐकत. होळी झाली की निम्म्या गाड्या परत भरतात.